एवढ्या उन्हात सायकल?

मार्च संपत आला की घराघरांतून हे वाक्य ऐकू यायला लागतं. मुलगी सायकलचं कुलूप काढत असते आणि आतून आई, आजी नाहीतर चुलती ओरडते, "एवढ्या उन्हात सायकल? काळी पडशील! घेरी येऊन पडशील कुठंतरी!" (काळं पडणं आधी आणि घेरी नंतर, हा क्रम तेवढा लक्षात घ्या.) मग मुलगी ओढणी डोक्या-तोंडाला गुंडाळते, डोळे तेवढे उघडे ठेवते आणि निघते. किंवा निघतच नाही. आठवडाभर घरी बसते, परीक्षेपुरती जाते, आणि पुढच्या जूनमध्ये शाळेचा विषय कुणी काढतच नाही.

मोठ्या शहरांत हीच चर्चा जरा वेगळ्या शब्दांत चालते. सायकलींसाठी चांगलं शहर कसं असावं यावर परिसंवाद होतात, आराखडे निघतात. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "ते हॉलंडला ठीक आहे हो, आपल्या हवेत कसं जमणार?" म्हणजे मुद्दा आजीचाच. फक्त इस्त्रीचे कपडे घालून आलेला!

खरंच हवाच आडवी येते का? हे तपासायचं तर पुण्या-मुंबईत बसून नको. उमापूरला बसून तपासू या.

उमापूर म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, शेवगावच्या शिवेकडचं गाव. तालुक्याच्या उत्तरेच्या अंगानं गोदावरी वाहते, पण मुलूख पर्जन्यछायेतला. बीड जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. पावसाळा चार महिन्यांचा म्हणायचा, पण चांगला पाऊस पडतो असे दिवस मोजले तर चाळीसेकच भरतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सायकलीच्या विरोधात पुरावा हवा असेल तर यापेक्षा चांगलं ठिकाण सापडायचं नाही.

आणि तरीही आपल्या गावांत सायकल आहेच की! दुधाचे कॅन सायकलवर, दळण सायकलवर, शेतातला डबा सायकलवर. दुष्काळात तर विचारूच नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात हँडलला, कॅरिअरला घागरी अडकवलेल्या सायकली भर उन्हात टँकरच्या मागे पळत होत्या. तेव्हा कुणी म्हटलं नाही, "एवढ्या उन्हात सायकल?" पाण्याला चालते ती सायकल शाळेला का चालत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणजे, कळलंय. पण त्याकडे नंतर येते.

आधी एक साधा हिशोब करू. वाडीपासून शाळा चार किलोमीटर. दप्तर पाठीवर घेऊन मुलगी चालत निघाली तर तिला पाऊण तास ते तास लागतो. तीच मुलगी सायकलवर, खड्डे चुकवत, मैत्रिणीशी गप्पा मारत गेली तरी वीस मिनिटांत पोहोचते. आता सांगा, ऊन जास्त कुणाला लागलं? आपण तुलना करतो सायकल आणि गाडीची, सायकल आणि एस.टी.ची. पण ज्या मुलीच्या वाडीवर गाडीच येत नाही, जिला फाट्यापासून आत दोन-तीन किलोमीटर जायचंच आहे, तिच्यासाठी तुलना सायकल आणि पायांची आहे. तिला सायकल दिली की तिचं ऊन एकदम एक-तृतीयांशावर येतं. उन्हाचं कारण सांगून सायकल बंद करणं म्हणजे पावसात भिजते म्हणून छत्री काढून घेण्यासारखं झालं.

आणि चालत जाणं नको, सायकलही नको, असं झालं की उरतं काय? घरी बसणं. आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी) बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दहा बायकांमागे चारपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. याला कारणं अनेक आहेत. ऊसतोडीला जाणारं कुटुंब वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवणार, हे त्यातलं मोठं. पण शाळेचं अंतर हेही एक कारण आहेच. सातवी-आठवीपर्यंत शाळा जवळ असते. पुढची लांब असते. आणि नेमक्या त्याच वयात मुलीची सायकल बंद होते. तेरा-चौदाव्या वर्षी, "आता मोठी झालीस" म्हणून.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. तेव्हा थट्टा करणारे पुष्कळ होते. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांना दिसलं की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि ते वाढलं मुख्यतः शाळेपासून लांबच्या, तीन किलोमीटरच्या पलीकडच्या गावांत. बिहारचा उन्हाळा काही आपल्याहून सौम्य नाही! आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आली. चांगलीच गोष्ट. पण सायकल मिळणं वेगळं आणि ती चालवता येईल असा रस्ता मिळणं वेगळं.

ऊन आणि बाई-सायकल यांची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र तामिळनाडूत घडली. पुदुकोट्टई हा तिथला जिल्हा. कोरडा, तापणारा, आपल्यासारखाच दुष्काळी. १९९१-९२ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोहीम चालू होती आणि शीलाराणी चुंकत जिल्हाधिकारी होत्या. अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवायचं त्यांनी मोहिमेतच घेतलं. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई, गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई अशा हजारोंनी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्यातली एक गंमत मला फार आवडते. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि मग त्यांना त्याच बऱ्या वाटायला लागल्या. का? तर पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं! आता सांगा, हे कुठल्या आराखड्यात बसलं असतं?

पुदुकोट्टईत हवा बदलली नव्हती. रस्ते तेच होते. बदललं ते एवढंच, की सायकलवरची बाई ही बघायची गोष्ट राहिली नाही. एकटी बाई सायकलवर निघाली तर गाव बघतं. शंभर निघाल्या तर कोण कुणाकडे बघणार?

आता जरा त्या हॉलंडकडे वळू. आपल्याला वाटतं तिथले लोक जन्मजातच सायकलवाले. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली कमी झाल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' असंच त्या चळवळीचं नाव होतं. त्यात तेलाची टंचाई आली, आणि हळूहळू सरकारनं सायकलींना वेगळी वाट करून द्यायला सुरुवात केली. हवा म्हणाल तर तिथली अगदी वाईट! बारमाही पाऊस, तोंडावर येणारा वारा, हिवाळ्यात शाळा भरते तेव्हा अंधार. फिनलंडमधल्या ओउलू नावाच्या शहरात तर बर्फातही मुलं सायकलनं शाळेत जातात, कारण सायकलीच्या वाटेवरचा बर्फ नगरपालिका सकाळी लवकर साफ करून ठेवते.

थंडीचं ठीक आहे, स्वेटर घालता येतो, उन्हात काय काढणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. म्हणून स्पेनचं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात तिथेही पारा चाळिशीला टेकतो. २००६ नंतरच्या चार-पाच वर्षांत त्या शहरानं मोटारींपासून वेगळ्या काढलेल्या, एकमेकींना जोडलेल्या सुमारे ऐंशी किलोमीटरच्या सायकलवाटा बांधल्या. सायकलवरच्या फेऱ्या दहापटीच्या आसपास वाढल्या. ऊन होतं तेवढंच होतं. शिवाय त्या शहरात बाजाराच्या गल्ल्यांवर उन्हाळ्यात कापडी छत ताणतात. आपण मांडव घालतो तसंच. फक्त तिथे तो लग्नाला नसतो, रोजच्या चालणाऱ्यांना असतो.

आणि याच्या नेमकं उलट बघायचं तर आपलं पुणं. एकेकाळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर. पेठांतल्या बायका, कॉलेजच्या मुली, कारखान्याचे कामगार, प्राध्यापक, सगळे सायकलवर. हवा छान, अंतरं लहान. मग १९७२ मध्ये लुना आली, स्कूटर आल्या, शहर चहूकडे पसरलं. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांनी लोकसंख्येला मागे टाकल्याच्या बातम्या होत्या. सायकल ट्रॅक झाले, पण कुठे मध्येच खांब, कुठे पार्किंग, कुठे ट्रॅकच संपून गेलेला. २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडाही मंजूर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्यानं सायकली देण्याचा प्रयोग गाजावाजानं सुरू झाला आणि तो टिकला नाही. पुण्याची हवा अजूनही बीडपेक्षा लाखपटीनं बरी. तरी सायकल गेली. हवेमुळे गेली असं कोण म्हणेल?

म्हणजे हवेचा काहीच संबंध नाही? असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे बहुधा एसीत बसलेले असतात.

ऊन खरं आहे. सायकल चालवताना अंगाला वारा लागतो, घाम वाळतो, म्हणून बरं वाटतं. कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो, हा आपल्याकडचा फायदा. कोकणात माणूस सावलीतही निथळत असतो. पण हवाच आपल्या कातडीपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण पस्तीसच्या वर गेली, की तो वारा थंडावा देण्याऐवजी चटके द्यायला लागतो. मग सगळी मदार घामावर, आणि घाम म्हणजे पाणी अन् मीठ. सकाळी नुसत्या चहावर निघालेली, पाण्याची बाटली न घेतलेली मुलगी परतताना घेरी येऊन पडली तर दोष सायकलीचा नसतो. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही त्याच पाहणीनं सांगितलंय. त्यामुळे 'ऊन लागलं' म्हणतो तेव्हा कधीकधी उपासही लागलेला असतो. भाकरी खाऊन निघणं, बाटली सोबत असणं, डोक्याला सुती ओढणी असणं ही तयारी घरात होते. ओढणीची टोकं मात्र मागे नीट खोचा, चेनमध्ये नाहीतर चाकात अडकून मुली पडतात. चेनकव्हर असलेली सायकल घ्या, दुकानदार काहीही म्हणो. डोकं दुखणं, मळमळणं, घाम अचानक थांबणं, असं काही वाटलं तर मुलीनं तिथेच उतरून सावलीत बसायचं, हेही तिला आधीच सांगून ठेवा. घरी पोहोचायची घाई त्या वेळी नको. आणि मुलगी बरळायला लागली, शुद्ध हरपायला लागली तर अंगावर पाणी मारत थेट दवाखाना.

वेळेचं तर सगळ्यात महत्त्वाचं. २०२५ च्या मार्चअखेरीस उन्हामुळे राज्यातल्या शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचा आदेश निघाला. प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. जातानाचा प्रश्न मिटला. पण माध्यमिकची मुलगी पावणेबाराला सुटते म्हणजे साडेबाराच्या आत घरी पोहोचायचं तर तिला सायकलच हवी. चालत निघाली तर तिच्या डोक्यावर नेमकं बाराचं ऊन!

आणि सावली. आपण झाडाकडे कधी या नजरेनं बघत नाही. आपल्या भागात मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुंध्याशीच पडते. त्यामुळे रस्त्यापासून लांब लावलेल्या शोभेच्या झाडाचा सायकलवालीला काही उपयोग नाही. रस्त्यावर झुकणारा फांद्यांचा विस्तार हवा. पूर्वीच्या रस्त्यांना दुतर्फा कडुनिंब, वड, चिंच असायची, त्यामागे हाच विचार होता. माणसं पायी आणि बैलगाडीनं जायची म्हणून सावली लागायची. रस्ते रुंद करताना ती झाडं गेली, आणि नवा रस्ता ज्यांच्यासाठी झाला त्यांना सावलीची गरज नव्हती. त्यांच्या गाडीला काच आहे.

रस्ता दक्षिण-उत्तर जात असेल तर पाच वाजता सुटणाऱ्या मुलीला पश्चिमेच्या बाजूची झाडं कामाला येतात. पूर्व-पश्चिम रस्त्यावर संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर येतं, तिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या मध्ये भेटल्या तरच निभाव. हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. रोज जाणारी आठवीतली मुलगी अचूक सांगेल सावली कुठे संपते ते.

आता ऊन सोडून खऱ्या भीतीकडे येऊ. बायकांना विचारलं तर त्या उन्हाचं नाव घेतात, पण मनात असतं ते वेगळंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पुढे गाणी मोठ्यानं. त्यांना जागा द्यायला सायकलवालीनं खाली उतरायचं, तर डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर उंचीचा फरक. चाक घसरलं की ती पडणार, आणि पडली तर कुठल्या बाजूला, ते नशीब. म्हणून मला वाटतं, गावाच्या रस्त्याला सायकल ट्रॅक वगैरे थाटाचं काही नको. साइडपट्टी मुरूम टाकून, दाबून, डांबराच्या बरोबरीला आणली तरी पुष्कळ झालं. सेव्हिलनं जे ऐंशी किलोमीटरवर केलं ते आपल्याला शाळेपुरतं चार किलोमीटर हवं आहे.

पावसाळ्यात त्याच साइडपट्टीवर काळी माती आली की चाक, मडगार्ड, ब्रेक सगळं लिंपून जातं आणि सायकलच खांद्यावर घ्यायची वेळ येते. पाणी ओसरलं की बाभळीचे काटे, सराटे. पंक्चर काढणारा वाटेत नसतो, आणि असला तर त्याच्या टपरीवर चार टोळभैरव बसलेले असतात. मुलगी तिथे थांबायला नको म्हणते, पंक्चर सायकल हातात धरून घरापर्यंत चालत येते. ज्या शाळेत हवेचा पंप आणि पंक्चरचं सोल्युशन ठेवलंय, शिपाईमामा नाहीतर मुलीच पंक्चर काढतात, तिथे हा प्रश्नच उरत नाही. शे-दोनशे रुपयांचं सामान असतं ते. सायकली उन्हात लावल्या तर ट्यूब फुटते, म्हणून शाळेत त्यांच्यासाठी पत्र्याची शेडही हवी. गुरुजींच्या मोटारसायकली बहुतेक ठिकाणी झाडाखाली असतातच!

आणि ती वाटेवरची नजर. मुलींनी त्यावर आपला उपाय शोधलेलाच आहे. चार-पाच जणी मिळून जातात, फाट्यावर एकमेकींसाठी थांबतात. एक आजारी पडली तरी बाकीच्या जातात. पण त्यातल्या दोघींची सायकल घरच्यांनी बंद केली की उरलेल्या तिघींची आपोआप बंद होते. म्हणून "मी माझ्या मुलीपुरतं बघते" हे इथे चालत नाही. तुमच्या मुलीची सायकल शेजारणीच्या मुलीची सोबत असते.

हे सगळं कुणाला सांगायचं? आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सही घ्यायला रजिस्टर घरी येतं. ते रजिस्टर आलं की सही करण्याआधी विचारा, सभा कुठे, किती वाजता? आणि तिथे उभं राहून सांगा. वाडीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची साइडपट्टी भरून द्या. शाळेत सायकलीला शेड आणि पंप द्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लागतील असं कारखान्याला लिहा. रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर ठराव करून तिकडे पाठवा. एक मे च्या ग्रामसभेत विषय निघाला तर जूनच्या पावसात झाडं लागू शकतात. सामाजिक वनीकरणाकडे रोपांची मागणी करता येते, पण निलगिरी-सुबाभूळ नको, कडुनिंब, वड, चिंच मागा, आणि रोपांना काटेरी कुंपण तुम्हीच करा, नाहीतर शेळ्या आहेतच.

कडुनिंबाची सावली रस्त्यावर यायला सात-आठ वर्षं लागतात. आज पहिलीत असलेली तुमची धाकटी तोवर आठवीत गेलेली असेल, आणि कुलूप काढून सायकल बाहेर घेत असेल.